चालायचे, पण कोठे?

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन, झोप न लागणे, पोट साफ न होणे. तक्रार यांपैकी कोणतीही असो, औषधांच्या यादीखाली मी एक ओळ हमखास लिहितो, "रोज अर्धा तास झपझप चालावे." हे औषध दुकानात मिळत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, तर शाळकरी मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे धावपळ. माझी ओळ त्याच हिशेबात बसते.

अलीकडे मात्र ही ओळ वाचून रुग्ण हसतात. परवा सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "डॉक्टर, चालायला माझी ना नाही. पण घरातून निघालं की डाव्या हाताला गटार आणि उजव्या हाताला गाड्या. चालू कुठून ते सांगा." एका शिक्षकांनी वजन उतरवण्यासाठी सायकल घेतली. आठ दिवस चालवली. नवव्या दिवशी मागून डंपर आला, तेव्हा त्यांना साइडपट्टीवरून थेट चरात उतरावे लागले. तेव्हापासून सायकल जिन्याखाली उभी आहे.

दोघांचेही म्हणणे खरे आहे. औषध मी लिहून देतो, पण ते घ्यायचे असते रस्त्यावर. आणि रस्ता ना माझ्या हातात, ना एकट्या रुग्णाच्या. म्हणून आजच्या लेखात गोळ्या-औषधांऐवजी रस्त्याविषयी लिहीत आहे.

औषधाचा गुण

चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. इन्शुलिनचे कामही सुधारते. हा परिणाम फार तर एक-दोन दिवस टिकतो, म्हणूनच रविवारी एकदम दहा किलोमीटर चालण्यापेक्षा रोज थोडे चालणे गुणकारी. रक्तदाब थोडा उतरतो, हाडे बळकट राहतात, मन प्रसन्न राहते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सायकल अधिक मानवते, कारण शरीराचा बराचसा भार सीटवर पडतो आणि सांध्याला भाराशिवाय हालचाल मिळते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढ्या माणसांना व्यायामशाळेत कोण पाठवणार? त्यांची व्यायामशाळा म्हणजे घरासमोरचा रस्ता. तो धड नसेल तर माझी चिठ्ठी म्हणजे नुसता कागद.

भीती अनाठायी नाही

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रोज सरासरी ९० माणसे केवळ रस्त्यावरून पायी जाताना दगावली. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी सर्व प्रकारच्या रस्ते अपघातांत १५ हजारांहून अधिक मृत्यू झाले. एखाद्या साथीने रोज ९० माणसे जाऊ लागली तर आपण केवढा गहजब करू! रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र "त्याची वेळ आली होती" असे म्हणून आपण मोकळे होतो.

वेळ आली होती हे खरे नाही. वेग आला होता, हे खरे. थोडे गणित पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनाची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटरांवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्यासारखे आहे. माणूस हात-पाय मोडून घेईल, पण बहुधा वाचेल. ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटर, अर्थात तिसरा मजला. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, चौथ्या मजल्याच्याही वर. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. शिवाय रस्त्यावर आलेले मूल दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ६० वेगाची गाडी सोळा-सतरा मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागतो तो त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. हेच उलटेही खरे. गावातून जाणाऱ्या वाहनांचा वेग थोडा जरी उतरवला तरी माणसे वाचतात. डॉक्टराला एवढा खात्रीचा उपाय फार थोड्या रोगांवर मिळतो.

लहान आणि म्हातारे

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा नीट अंदाज येत नाही. हा व्रात्यपणा नव्हे. मेंदूची ती क्षमता त्या वयात पुरती तयार झालेली नसते. त्यातच उंची कमी. उभ्या टेम्पोमागून मूल रस्त्यावर येते तेव्हा ते चालकाला दिसत नाही आणि त्याला गाडी दिसत नाही. "नीट बघून जा रे" एवढे बजावून आपली जबाबदारी संपत नाही.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी. गुडघे धरलेली व्यक्ती सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर चालते. चौदा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला तिला अठरा-एकोणीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ५० वेगाची गाडी जवळजवळ पाव किलोमीटर अंतर कापते. म्हणजे आजींनी पहिले पाऊल टाकले तेव्हा जी गाडी पाव किलोमीटर लांब होती, तीच त्यांना पलीकडच्या कडेला गाठते. मोतीबिंदू उतरू लागलेल्या डोळ्यांना ती दिसावी तरी कशी? अशा धडकेत खुब्याचे हाड मोडले तर पुढे अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ, अशी रांगच लागते.

आकड्यांत न येणारी दुखापतही असते, ती भीतीची. घाबरलेली माणसे बाहेर पडायचे सोडतात. सहा महिन्यांत पायांचे स्नायू बारीक होतात, तोल जाऊ लागतो आणि अपघात होतो तो घरात, न्हाणीघरात. केसपेपरवर आम्ही लिहितो "घरात पडणे". त्याचे मूळ रस्त्यावर असते.

मुलींच्या बाबतीत ही भीती आणखी महाग पडते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. योजना उत्तम आहे. पण वाडीवरून निघालेल्या मुलींना पुढे राज्य मार्गावरून जावे लागते. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या असतात आणि संध्याकाळच्या अंधारात पाठीमागे एक लाल दिवाही नसलेली ट्रॉली कडेला उभी असते. एका मुलीला धक्का लागला की दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणींचे आई-बापही त्यांना घरी ठेवण्याचा विचार करू लागतात. रस्ता शाळाही बंद पाडू शकतो.

तिकडे बदल कसा झाला?

नेदरलँड्स, म्हणजे ज्याला आपण हॉलंड म्हणतो तो देश, सायकलींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पूर्वीपासूनच असे असेल, असा आपला समज असतो. तसे नाही. १९५० नंतर तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर अशीच गेली. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, "मुलांच्या हत्या थांबवा". त्याच नावाने आई-बापांची चळवळ उभी राहिली.

या लोकांनी काय केले? अपघाताच्या जागा शोधल्या. आपल्या गल्ल्या काही वेळ वाहनांना बंद करून मुलांना खेळायला दिल्या. निवेदने दिली, मोर्चे काढले, आणि तक्रारीबरोबर उपायही सांगितला. डेल्फ्ट गावच्या रहिवाशांनी तर आपल्या गल्लीत झाडे आणि वळणे आणून वाहनांना माणसाच्या चालीने जायला भाग पाडले. १९७६ साली अशा गल्ल्यांना कायद्याने मान्यता मिळाली. मध्यंतरी १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि मोकळा रस्ता कसा दिसतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आज लोकसंख्या आणि मोटारी कितीतरी वाढूनही तिथे रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आहेत. सीटबेल्ट आणि सुधारलेली रुग्णालये यांचाही त्यात वाटा आहे, पण रस्त्यांची रचना बदलली ती लोकांच्या रेट्यामुळे.

फार लांब कशाला, पुण्याचे पाहा. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे दुचाक्यांनी भरून गेले. तिथे "परिसर", "पादचारी प्रथम" यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिल्या. २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला भाग वाहनांना बंद करून "पादचारी दिन" साजरा झाला. पुण्याचे सगळे प्रश्न सुटले असे मुळीच नाही. पण पायी चालणारा माणूसही वाहतुकीचाच भाग आहे, हे कागदावर आणणे हीसुद्धा छोटी गोष्ट नव्हे.

आपल्या गावात

आम्हीही काही वर्षांपूर्वी असा एक प्रयत्न केला. एक निवृत्त ओव्हरसीअर, एक मुख्याध्यापिका, रिक्षा संघटनेचे एक कार्यकर्ते, सकाळी फिरायला येणारे चार-पाच जण आणि मी. शाळा मुख्य रस्त्यावर. सुटण्याच्या वेळी मुले, पालकांच्या स्कूटर, भेळेची गाडी आणि एसटी असे सगळे एकाच ठिकाणी. आम्ही तीन दिवस घंटा होण्याच्या आधी आणि नंतर उभे राहून मुले कोठून येतात, कोठे रस्ता ओलांडतात, याची वहीत नोंद केली. ओव्हरसीअर साहेबांनी टेप लावून रस्ता मोजला.

वही पाहिल्यावर कळले की, निम्म्याहून अधिक मुले शाळेच्या मागच्या वस्तीतली आहेत. त्यांना मुख्य रस्त्यावर यायचे कारणच नव्हते. शाळेला मागे फाटक होते, पण त्याला कित्येक वर्षे कुलूप होते. बाईंनी ते कुलूप काढले. भेळवाल्याला हुसकावण्याऐवजी त्यालाच मागच्या फाटकाशी जागा दिली; मुले आपोआप तिकडे वळली. खर्च शून्य. पुढच्या फाटकासमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक मिळायला मात्र तेरा महिने आणि सात अर्ज लागले. मिळाले, हे महत्त्वाचे.

काय मागावे?

"रस्ता सुरक्षित करा" असा अर्ज केला की त्यावर "योग्य कार्यवाही व्हावी" असा शेरा बसतो आणि तो फायलीत जातो. मागणी नेमकी हवी. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मानके उपयोगी पडतात. नावात काँग्रेस असली तरी हा राजकीय पक्ष नव्हे. रस्ता अभियंत्यांची ही देशव्यापी संस्था आहे.

१) पदपथ : चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दीड-दोन फूट उंच पदपथावर गुडघेदुखीचा माणूस चढत नाही. तो रस्त्यावरूनच चालतो.

२) गतिरोधक : गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. त्यावरून वाहन ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप जाते. लोकांनी रातोरात घातलेले अरुंद, टोकदार उंचवटे दुचाकीस्वारांना पाडतात आणि गरोदर बाईच्या व कंबरदुखीच्या रुग्णाच्या जिवावर येतात. गतिरोधकावर पांढरे-पिवळे पट्टे आणि अलीकडे फलक हवाच.

३) दुभाजकात थांबायला जागा : म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो.

४) उजेड : शाळा, दवाखाना, बसथांबा आणि चौक येथील खांबांवरचे दिवे सुरू हवेत.

५) साइडपट्टी : डांबराच्या पातळीला भरलेली हवी. सायकलस्वाराला उतरायची वेळ आली तर तो चरात पडू नये.

हातगाडीवाल्यांशी भांडण करू नये. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार त्यांना जागा नेमून द्यायची असते. त्यांनाही पोट आहे, आणि त्यांच्या गाड्यांवर येतो तो पायी चालणाराच.

कोणाकडे मागावे?

आधी रस्ता कोणाचा ते शोधावे. गावातील अंतर्गत रस्ते नगरपालिकेचे. गावातून जाणारा मोठा रस्ता राज्य मार्ग असेल तर बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याची यंत्रणा वेगळी. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो. रस्ता कोणाचा हे कोणी सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारता येते.

अर्जासोबत फोटो, मोजमाप आणि तुमची वही जोडा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या आणि आवक क्रमांक टिपून ठेवा. दाद लागली नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. खेड्यात असाल तर ग्रामसभेत ठराव घ्या.

हे उपकार मागणे नव्हे. पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सुरक्षिततेची मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपले पथ्य

औषधाबरोबर पथ्यही पाळावे लागते. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. सायकल मात्र वाहन आहे, ती डाव्या बाजूनेच चालवावी. पहाटे आणि तिन्हीसांजेला पांढरे किंवा फिकट कपडे घालावेत; सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवा. कानात गाणी लावून रस्त्यावर चालू नये. चौघा-पाचजणांनी गप्पा मारत आडवी रांग करू नये. ट्रॉलीवाल्या शेतकरी बंधूंनी मागे रिफ्लेक्टर पट्टी लावावी; तिची किंमत एका चहा-भज्यापेक्षा फार नाही.

आणि पालकांनो, अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हातात मोटारसायकल देऊ नका. त्याच २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा हट्ट पुरवताना दुसऱ्याच्या मुलाचाही विचार करावा.

कोठे अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकावर फोन करा, वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि मान मुरगळेल अशा रीतीने कोणाला उचलू नका.

या आठवड्यात एवढेच करा. एक वही घ्या, दोन शेजारी सोबत घ्या आणि आपल्या मुलांच्या शाळेच्या वाटेवरून एकदा पायी चाला. जेथे जेथे तुमचे पाऊल थबकेल, ती जागा लिहून काढा. तुमचा अर्ज निम्मा तिथेच तयार झाला. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.